आवाज न काढता

तिने पाटीवर 'मीठ' एवढंच लिहिलं आणि पाटी टेबलावरून नवऱ्यासमोर सरकवली. त्याने शर्टाचा खिसा चाचपला, मग डोक्यावरून हात फिरवला, मग उठून खिडकीच्या कट्ट्यावर पाहून आला. चष्मा सापडेपर्यंत, येता-जाता घोट घेत, त्याने वाटीतलं सूप संपवलेलं होतं.

"मीठ?" तो म्हणाला. "बरोबर आहे की. छान झालंय."

तिने पुढे 'नाहीच' असं जोडलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. दुसऱ्या रेघेला खडू मोडला.

दिवसभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासून देणाऱ्या या माणसाला स्वतःचा चष्मा कधी सापडत नसे. त्यावर ती एरवी जे म्हणायची, ते आताही घशापर्यंत आलं. तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि दोन मोठ्या घोटांबरोबर ते खाली ढकललं.

आज चौथा दिवस होता. तिच्या स्वरतंतूंवरच्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या दोन गाठी काढल्या होत्या. दोन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, खाकरायचं नाही, असं घशाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "कुजबुजणं तर ओरडण्याहून वाईट," त्या म्हणाल्या होत्या. पुढचे तीन महिने हळू आवाजात, मोजकं. ओरडणं बंद. ती पोहायला शिकवते हे ऐकल्यावर त्यांनी 'बंद' हा शब्द पुन्हा एकदा उच्चारला होता.

चार दिवसांत तिने घरातले सगळे पडदे धुतले होते. हत्यारांच्या पेटीतले स्क्रू लहान-मोठे करून डब्यांत भरले होते. स्वयंपाकघरापासून पुढच्या खिडकीपर्यंत अकरा पावलं होतात, मधली खुर्ची हलवली तर दहा, हेही तिला कळलं होतं. बसलं की पाय हलायला लागायचा. पाय थांबवला की बोटं टेबलावर वाजायची. वाफ घ्यायला दहा मिनिटं बसा, असं सांगितलं होतं. तिसऱ्या मिनिटाला ती टॉवेल बाजूला करून घड्याळ पाहायची.

बावीस वर्षं ती त्या तलावावर होती. वर पत्र्याचं उंच छप्पर, खाली फरशी, मध्ये पाणी, आणि पाण्यात एका वेळी चाळीस मुलं. प्रत्येक आवाज तिथे चारदा ऐकू यायचा आणि एकदाही नीट कळायचा नाही. शिट्टी सगळ्यांना सारखीच ऐकू जाते, म्हणून तिने कधी शिट्टीवर भागवलं नाही. ती मुलांना एकेकाला हाका मारून ओरडायची. मुलं पाठीमागे तिला 'भोंगा' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

आवाज तिला घरातूनच मिळाला होता. आईने अठ्ठावीस वर्षं कापडगिरणीत मागावर काढली होती. मागांच्या खडखडाटाने आईचे कान ती शाळेत जायच्या आधीच गेले होते. त्या घरात बोलायचं म्हणजे ओरडायचंच. लग्नानंतरही रोज संध्याकाळी ती फोनवर ओरडायची, "आई, जेवलीस का?" आणि पलीकडच्या इमारतीतल्या लोकांना तिची आई जेवली की नाही ते कळायचं. आता ते काम नवऱ्याकडे आलं होतं. त्याचा आवाज मुळातच बेताचा. काल संध्याकाळी तो रिसीव्हरमध्ये पाचदा 'बरी आहे' म्हणाला, आणि पलीकडून पाचदा 'कोण?' आलं.

जेवण उरकत असताना तिचा फोन थरथरला. तलावाचे व्यवस्थापक होते. त्यांनी लिहिलं होतं, 'मॅडम, कसं वाटतंय? घाई नाही. पण स्पर्धा तीन आठवड्यांवर आली. पालक विचारतात. बदली कोच चांगले आहेत, पण मुलांना तुमची सवय. नुसत्या येऊन उभ्या राहिलात तरी पुरे. बोलू नका.'

तिने ते नवऱ्याला दाखवलं.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?"

खडूचा अर्धा तुकडा उचलून तिने लिहिलं, 'उभं राहायला घसा लागत नाही.'

"तुला लागतो," तो म्हणाला.

तिने पाटी पुसली. मेहुण्यांच्या लग्नात फोटो काढताना जसं हसायचं असतं तसं ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता बूट घालून निघाली.

तलावाच्या दारातच क्लोरीनचा वास नाकात शिरला आणि तिचे खांदे आपोआप मागे गेले. मुलांनी तिला पाहून पाण्यातूनच गलका केला. तिने दोन्ही हात वर केले, मग ओठांवर बोट ठेवलं. कुणी तरी हसत म्हणालं, "भोंगा बंद पडला!" तिने डोळे वटारले.

बदली कोच निवृत्त माणूस होता. साठीच्या पुढचा, पायात रबरी चपला, हातात घड्याळ. तो ओरडत नव्हता. कुणाला काही सांगायचं असलं की काठावरून चालत त्या मुलापर्यंत जायचा, उकिडवा बसायचा, मूल काठ धरून वर येईपर्यंत थांबायचा आणि मग बोलायचा. तिला ते पाहवेना. एका मुलाला सांगून होईपर्यंत बाकीची एकोणचाळीस चुकीची पोहत होती. तिसऱ्या लेनमधल्या मुलीची कोपरं पाण्यात पडत होती. पाचव्यातला श्वास घेताना मान उचलत होता. तिच्या तोंडात एकेकाचं नाव येत होतं आणि ती दात मिटून ते आतच धरून ठेवत होती. जबडा दुखायला लागला. ती काठावरून खाली-वर चालू लागली. म्हातारा एकदा तिच्याकडे पाहून हसला आणि त्याने खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

अर्ध्या तासाने मुलं खोल भागाकडे सरकली. तिने वळून पाहिलं तेव्हा एका मुलीची पिवळी टोपी पाण्याखाली होती. ती मनात मोजू लागली. दहा. पंधरा. टोपी तळाशी होती, हलत नव्हती. वीस. बाकीची मुलं काठाला धरून नुसती पाहत होती. पंचवीस.

"वर ये!"

पत्र्याखाली तो आवाज फिरला. तो तिचा नव्हता. जुनं कापड फाडावं तसा काही तरी आवाज झाला, आणि त्याच्या मागोमाग घशात सुरी फिरल्यासारखं वाटलं. पिवळी टोपी वर आली. खाली मुलगी हसत होती, नाकातोंडातून पाणी उडवत. काठावर म्हातारा उजवा हात उंच धरून उभा होता. डाव्या हातात घड्याळ होतं.

"एकतीस सेकंद!" तो म्हणाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे तिच्याकडे पाहू लागले.

श्वास कोण जास्त धरतं याची पैज चालली होती. म्हातारा तळापर्यंत पाहत होता. त्याला सगळं माहीत होतं.

ती बाहेर आली आणि कपडे बदलायच्या खोलीतल्या बेसिनमध्ये थुंकली. थुंकीत गुलाबी धागा होता.

डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग यंत्र बाजूला ठेवलं, हातमोजे काढले आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

"मूल बुडत होतं का?"

तिने मान हलवली. नाही.

"तिथे दुसरं कुणी होतं?"

होतं.

"मग तुमच्यावाचून तलाव आटला होता का?"

तिने पाटी काढायला पिशवीत हात घातला. डॉक्टरीणबाईंनी तो तसाच धरला.

"लिहू नका. ऐका. घसा म्हणजे काय चौकातला नळ आहे का, कुणीही यावं आणि भरून न्यावं? जखम उघडली आहे. आता परत पहिल्या दिवसापासून. या वेळी तीन आठवडे. पुन्हा असं झालं तर आवाज येईल, नाही असं नाही. पण तो असा येईल की फोनवर तुम्हाला कुणी ओळखणार नाही." त्या उठल्या. "बरं होणं हे सुद्धा काम असतं. तुम्ही ते फावल्या वेळात उरकायला बघताय."

घरी येताना नवऱ्याने तिची पिशवी स्वतःकडे घेतली. जिन्यात तो एक पायरी मागे राहिला होता. तिला वाटलं, त्याने एकदा तरी 'मी सांगत होतो' म्हणावं. म्हणजे पाटी त्याच्या डोक्यात तरी घालता आली असती.

तिने व्यवस्थापकांना लिहिलं, 'तीन आठवडे येऊ शकत नाही.' मग 'क्षमस्व' लिहिलं, मग ते खोडलं, मग पुन्हा लिहिलं. पाठवून झाल्यावर ती दर पाच मिनिटांनी फोन पाहत राहिली. उत्तर संध्याकाळी आलं. 'ठीक आहे. बघू.' त्या 'बघू'वर ती रात्रीचं जेवण होईपर्यंत खोलीत फेऱ्या मारत होती.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने सांगितलं, "तुझी आई येतेय."

तिने दोन्ही हात हवेत फेकले.

"मी काही केलं नाही. मी फोनवर एवढंच सांगितलं की तू बोलू शकत नाहीस. त्यातलं त्यांना किती कळलं देव जाणे. बस सुटली असेल आता."

'नको', तिने लिहिलं. मग पाटीभर मोठ्या अक्षरांत, 'ओरडावं लागेल.'

आई दुपारी आली. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात काठी, जी ती टेकवत नसे, नुसती बरोबर बाळगायची. दारातच तिने मुलीला खांद्याला धरून उजेडाकडे वळवलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सोडलं.

"आहेस की धडधाकट," ती म्हणाली. बहिऱ्या माणसांचा असतो तसा तिचा आवाज सपाट आणि थोडा मोठा होता. "जावई फोनवर काय पुटपुटत होते, मला काही कळेना. एवढंच कळलं की तू बोलत नाहीस. म्हटलं, एक तर मेली असेल, नाही तर माझ्यावर रागावली असेल. दोन्हीला बसचं तिकीट सारखंच."

नवरा हसला आणि चष्मा शोधायला आत गेला.

पहिली संध्याकाळ पाटीवर गेली. ती लिहायची, आईपुढे धरायची. आई पाटी हातभर लांब धरून, डोळे बारीक करून एकेक अक्षर लावायची. तोवर तिचा पाय टेबलाखाली हलत असायचा. 'दुखत नाही.' 'तीन आठवडे.' 'तू कशाला आलीस एवढ्या लांब.' शेवटचं वाचून झाल्यावर आईने पाटी टेबलावर पालथी ठेवली.

"हे काय शाळेसारखं लावलंयस? तोंडाने बोल."

तिने घशाकडे बोट दाखवलं.

"तोंडाने बोल म्हटलं, घशाने नाही. आवाज काढू नकोस. श्वासही सोडू नकोस. नुसते ओठ. आम्ही मागावर अठ्ठावीस वर्षं काय पाट्या घेऊन बसलो होतो? तिथे कानाशी तोंड नेलं तरी ऐकू यायचं नाही. चार माग सोडून पलीकडे एक बाई असायची, ती तिच्या सासूची कागाळी करायची. मला एक अक्षर चुकायचं नाही. मुकादम मध्ये उभा असायचा, त्याला वाटायचं बायका पान चघळतायत."

तिने आईकडे पाहिलं. मग ओठ हलवले.

"असं नको. उजेडात बस. हां. ओठ ओढू नकोस, साधं बोल. आणि तो पाय थांबव आधी. पाय हलला की तुझी हनुवटी हलते."

तिने पाय थांबवला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि नुसत्या ओठांनी विचारलं, 'तू जेवलीस का?'

"बसस्टँडवर खाल्लं थोडं," आई म्हणाली. "भूक नाही. चहा चालेल."

स्वयंपाकघराच्या दारात नवरा चष्मा लावून उभा राहिला होता.

'तुला कळलं?'

"न कळायला काय झालं."

'सगळं कळतं?'

"तू आता बोलतेस तसं बोललीस तर सगळं. तुझे बाबा असेच बोलायचे."

तिला आठवलं. बाबा आईशी फार हळू बोलायचे, इतकं की शेजारी बसलेल्यालाही ऐकू यायचं नाही. तिला लहानपणी वाटायचं, ते बोलतच नाहीत. आई बहिरी म्हणून त्यांनी नाद सोडून दिला आहे. म्हणून मग घरात बोलायचं काम तिने अंगावर घेतलं होतं.

ती पुढे झुकली. आता ओठ घाईने हलू लागले. आईने हात वर करून तिला थांबवलं आणि पुन्हा सावकाश बोलायची खूण केली.

'मग इतकी वर्षं मी ओरडत होते ते?'

"ते नव्हतं कळत," आई म्हणाली.

'काहीच?'

"फोनवर थोडं कळायचं. समोर असलीस की नाही. ओरडताना तोंड वाकडं होतं माणसाचं. दात दिसतात, गळ्याच्या शिरा दिसतात, शब्द दिसत नाही. मग मी अंदाजाने उत्तर द्यायची." आईने टेबलावरचा खडूचा चुरा बोटाने गोळा केला. "मला वाटायचं, तू रागावलेली आहेस."

'कधी?'

"नेहमीच. लहानपणापासून. सात-आठ वर्षांची असशील तेव्हापासून."

नवऱ्याने चहाचं भांडं शेगडीवर ठेवलं आणि मग शेगडी पेटवायची विसरून तसाच उभा राहिला. त्याला फक्त सासूबाईंचं बोलणं ऐकू येत होतं.

'विचारायचंस.'

"रागावलेल्या माणसाला कुणी विचारतं का, का रागावलास म्हणून? अजून भडकतो." आईने पालथी पाटी जरा बाजूला सरकवली. "एकदा विचारलं होतं. तू ती पोहायची शर्यत करून आलीस तेव्हा. जिन्यापासून ओरडत आलीस. दार उघडलं तर हा एवढा जबडा, डोळे लाल. मी म्हटलं, हरलीस का ग?"

ती उठली. बेसिनपाशी जाऊन तिने नळ सोडला, ग्लास भरला, तो भरून वाहायला लागला तरी नळ चालूच ठेवला. नऊ वर्षांची होती ती. आयुष्यातली पहिली शर्यत, पहिला नंबर. तीन जिने ती 'जिंकले, जिंकले' असं ओरडत चढली होती. आणि आईने दार उघडून तिच्याकडे पाहिलं होतं आणि म्हणाली होती, 'हरलीस का ग?' तेव्हा तिने प्रमाणपत्र दप्तरातून काढलंच नव्हतं. गादीखाली घातलं होतं. हिला मी हरणारीच वाटते, असं तिने त्या दिवशी ठरवून टाकलं होतं, आणि पुढे कितीही शर्यती जिंकल्या तरी ते कधी पुन्हा तपासून पाहिलं नव्हतं.

नवऱ्याने हात लांब करून नळ बंद केला.

ती परत येऊन बसली. मग पुन्हा उठली, खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ ओढली आणि उजेडाकडे तोंड करून बसली.

'जिंकले होते', तिने ओठांनी सांगितलं. 'पहिली आले होते.'

आईने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "पहिली?"

तिने मान डोलावली.

"अगं बाई," आई म्हणाली. आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून, "मी तुला त्या दिवशी जबरदस्तीने झोपवलं होतं. म्हटलं, हरलीय, दमलीय."

'मी रागावले नव्हते.'

"कळलं ते आता." आईने खडूचा चुरा तळहातावर घेतला आणि खिडकीतून बाहेर उडवला. "थोडी तरी होतीसच पण."

ती विचारात पडली. मग तिने बोटांच्या चिमटीने दाखवलं, एवढीशी.

पुढचे दिवस शांततेत गेले असं म्हणता येणार नाही. पाय हलायचाच. सकाळी सहाला तिला जाग यायची, कारण सहाला पहिली बॅच असायची; ती अंथरुणात उठून बसायची आणि आता पाण्यात कोण उतरलं असेल ते मोजायची. पण वाफेची दहा मिनिटं ती आता पुरी बसत होती. आई समोर खुर्ची टाकून बसायची आणि टॉवेल जरा जरी हलला तरी काठी जमिनीवर आपटायची. दुपारी दोघी खिडकीत बसत आणि ओठांनी बोलत. आई तिला मागावरच्या खुणा शिकवत होती. कानाच्या पाळीला हात लावला की 'तो ऐकतोय', कोपर चोळलं की 'पुढचं सगळं खोटं'. नवरा कामावरून आला की दोघी एकदम कोपर चोळायच्या आणि खांदे हलवून हसायच्या. आवाज न काढता हसायला तिला चार दिवस लागले.

नव्या मोजणीच्या सोळाव्या दिवशी व्यवस्थापक स्वतः घरी आले. फळांची पिशवी घेऊन आले होते. ती टेबलावर ठेवून त्यांनी तब्येतीची चौकशी केली आणि मग खुर्चीच्या कडेवर सरकून बसले.

"रविवारी स्पर्धा आहे, मॅडम. मी काही बोला म्हणत नाही. काठावर बसा फक्त. मुलं तुम्हाला बघून पोहतील. मागच्या वेळचं मला कळलं, पण या वेळी मी स्वतः तुमच्या शेजारी बसतो. तुम्ही तोंड उघडलंत तर माझा हात ठेवतो."

ती हसली नाही. गुडघा हलायला लागला होता. तिच्या डोळ्यांपुढे तलाव होता, झेंडे लावलेले, आणि तिसऱ्या लेनमध्ये पाण्यात पडणारी कोपरं. ती गेली तर ओरडणार, हे तिला ठाऊक होतं. व्यवस्थापकांनाही ठाऊक असावं. ते तिच्याकडे न पाहता फळांच्या पिशवीकडे पाहत होते.

तिने पाटी जवळ ओढली. खडू उचलला, ठेवला. मग आईकडे वळली आणि ओठांनी दोन-तीन वाक्यं बोलली.

"ती म्हणते, नाही येणार," आई व्यवस्थापकांना म्हणाली.

"अहो आजी, त्यांना जरा विचार तरी—"

आईने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "विचार करूनच सांगतेय. म्हणते, रविवारीही नाही आणि पुढचे तीन महिनेही नाही. डॉक्टरांचं पत्र देते. परत आली तर ओरडणार नाही, मुलांपाशी जाऊन सांगेल. ते चालत नसेल तर तसं कळवा." आई थांबली. मुलीचे ओठ पुन्हा हलले. "आणि म्हणते, तिसऱ्या लेनमधल्या मुलीची कोपरं बघा म्हणावं त्या नव्या माणसाला. तो बघेल."

व्यवस्थापकांनी फळांची पिशवी थोडी पुढे सरकवली. मग त्यांनी चहा घेतला. जाताना दारात म्हणाले, "इतकं सगळं त्या एवढ्यात बोलल्या?"

"ती पहिल्यापासून बडबडी आहे," आई म्हणाली.

रविवार तिने घरात काढला. सकाळी तिने भिंतीवरचं घड्याळ उतरवून कपाटात ठेवलं आणि दुपारी काढून पुन्हा लावलं. स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत किती फेऱ्या झाल्या ते तिने मोजलं नाही. नवऱ्याने मध्येच बुद्धिबळाचा पट मांडला. ती तीन चालींत हरली आणि तिने सोंगट्या डब्यात भरून टाकल्या. चार वाजता फोन थरथरला. बदली कोचने फोटो पाठवला होता. तिसऱ्या लेनमधली मुलगी दुसरी आली होती. पिवळ्या टोपीचा नंबर आला नव्हता, पण ती दात काढून हसत होती. ती फोटो मोठा करून एकेक चेहरा पाहत राहिली. तिच्या मुलांनी तिच्याशिवाय चांगलं केलं होतं. ती गेली असती तर मुलगी पहिली आली असती का, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि संध्याकाळभर तिथेच बसून राहिला. तिने त्याला हाकललं नाही, आणि त्याच्याशी बोललीही नाही.

एकविसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दुर्बीण घातली. या वेळी पटकन काढली.

"सुरेख," त्या म्हणाल्या. "आता कसं, शहाण्यासारखं. आजपासून दिवसाला पाच मिनिटं बोलायचं. सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी. आवाज थोडा खरखरीत येईल, घाबरू नका. इथे नको, घरी जाऊन बोला. पहिला शब्द माझ्यावर कशाला खर्च करताय."

नवरा जिना दोन-दोन पायऱ्या चढला. दार उघडून त्याने दिवे लावले, नंतर लक्षात येऊन विझवले, कारण अजून उजेड होता. तो टेबलाशी बसला. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं, आणि आज त्याचा चष्मा आधीच डोळ्यांवर होता.

"हं," तो म्हणाला. "बोल."

आई खिडकीपाशी पिशवी भरत होती. उद्या सकाळच्या बसने ती परत जाणार होती. घडी केलेली शाल पुन्हा उलगडून ती नव्याने घडी घालत होती.

ती आईसमोर जाऊन बसली. खुर्ची थोडी फिरवली, तोंडावर उजेड येईल अशी. आईने शाल मांडीवर ठेवली आणि मान वर केली. मुलीचे ओठ हलले. सावकाश, न ओढता. बराच वेळ हलत राहिले. आई पाहत होती. मध्येच ती हसली, मग तिने डोळे पुसले आणि पुन्हा पाहू लागली, पुढचं चुकू नये म्हणून.

नवरा घड्याळाकडे पाहत होता. काटा पाचव्या मिनिटावरून पुढे गेला तेव्हा त्याला राहवलं नाही.

"काय म्हणते ती?"

"तुम्हाला नाही ते," आई म्हणाली, त्याच्याकडे न वळता.